छत्रपती चौथे शिवाजी : एका आजारी राजपुत्राची कहाणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याची रीत आहे. जिजाऊ, ताराराणी, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर आजवर लिहून झाले. यंदा चिटणीसबाईंनी हे काम माझ्याकडे सोपवले, तेव्हा मी कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचे नाव सुचवले. त्या जरा थबकल्या. या राजाने लढाई मारली नाही, धरण बांधले नाही, शाळा काढली नाही, मग त्याचे काय लिहिणार, असे त्यांना वाटले असावे. पण भगिनींनो, हे चरित्र आपण कागलच्या बायकांनी तरी वाचलेच पाहिजे असे मला मनापासून वाटते. त्याची कारणे दोन आहेत. एक म्हणजे आपल्या गावाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. दुसरे कारण असे की ही एका आजारी मुलाची हकीकत आहे, आणि तशी मुले आजही आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात, कधी आपल्या घरातही असतात.

दरवर्षी २६ जूनला आपण राजर्षी शाहू महाराजांची जयंती मोठ्या थाटाने करतो. कागलच्या घाटगे घराण्यातला यशवंतराव दत्तक जाऊन करवीरचा छत्रपती झाला, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. परंतु यशवंतराव दत्तक गेला तो कोणाच्या जागी? ती गादी रिकामी कशी झाली? ज्याच्या मृत्यूमुळे ती रिकामी झाली, त्या वीस वर्षांच्या मुलाचे नाव आपल्या तोंडी सहसा येत नाही.

त्याचे मूळचे नाव नारायणराव. जन्म १८६३ सालचा, भोसले घराण्यातला. त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर संकटामागून संकट येत होते. राजाराम महाराज विलायतेची यात्रा करून परत येत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी वारले. त्यांचे वयही तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते. परक्या देशात, आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले आणि त्यांची छत्री आजही तेथे उभी आहे. त्यांना मूल नव्हते. म्हणून १८७१ साली त्यांच्या राणीसाहेबांनी नारायणरावास दत्तक घेतले आणि त्याचे नाव शिवाजी ठेवण्यात आले. दत्तक झाला तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचा होता.

आठ वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्याकडे दुसरी-तिसरीतला. या वयात मुलाला रात्री आई जवळ लागते. दूध प्यायला नको म्हणतो, गोट्या खेळायला हवा म्हणतो. अशा वयात या मुलाचे नाव बदलले, आई बदलली, घर बदलले. थोरल्या शिवाजी महाराजांचे नाव त्याच्या अंगावर घातले गेले. चहूबाजूंनी मुजरे होऊ लागले. राज्याचा कारभार अर्थातच इंग्रजांच्या देखरेखीखाली चाले आणि महाराजांचे शिक्षणही त्यांच्याच तंत्राने होई. इंग्रज शिक्षक नेमले गेले. १८७५ साली इंग्लंडचे युवराज मुंबईस आले, तेव्हा त्यांच्या भेटीसाठी हिंदुस्थानातील राजेरजवाडे जमले. त्यांत हा बारा वर्षांचा राजाही जरीचा पोशाख व जडजवाहीर घालून हजर होता. आलेल्या साहेब लोकांना त्या लहानग्या राजाचे कौतुक वाटले. त्या जडजवाहिराखाली त्या लेकराला काय वाटत होते, हे लिहून ठेवायला तेथे कोणी नव्हते.

पुढे महाराज मोठे होऊ लागले. मिसरूड फुटायच्या वयात, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या पुढे, त्यांच्या वागण्यात फरक पडल्याची बोलणी सुरू झाली. महाराजांचे मन ठिकाणावर नाही, असे सरकारी अधिकारी म्हणू लागले. त्यांच्या दिमतीला गोरे सोल्जर ठेवले गेले. दुसऱ्या बाजूने लोकांत कुजबूज सुरू झाली की महाराजांना वेड लागलेले नाही, त्यांना छळून वेडे ठरवण्यात येत आहे. संशय दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर होता आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर होता.

१८८१ च्या जानेवारीत पुण्यास केसरी आणि मराठा ही दोन पत्रे निघाली होती. टिळक आणि आगरकर हे दोघे तरुण तेव्हा पंचविशीच्या आसपासचे होते. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे हे ऐकून त्यांचे रक्त तापले आणि त्यांनी आपल्या पत्रांतून जोराचा आवाज उठवला. बर्वे यांचे म्हणून काही पत्रे हाती आली होती, त्यांच्या आधारे आरोप केले गेले. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. मुंबईस खटला चालला. ती पत्रे बनावट असल्याचे कोर्टात दिसून आले. १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. जामिनाच्या वेळी महात्मा फुले यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपये उभे केले होते. पुढे ज्यांचे मार्ग वेगळे झाले अशी माणसेसुद्धा त्या वेळी एकत्र आली होती, एवढे त्या राजाविषयी महाराष्ट्राला वाटत होते. तुरुंगात आगरकरांनी हॅम्लेट नाटकाच्या भाषांतराचे काम केले. ते विकारविलसित या नावाने प्रसिद्ध आहे. त्या नाटकातही एक राजपुत्र आहे आणि तो खरा वेडा की वेड्याचे सोंग घेतलेला, हे दरबारातल्या माणसांना कळत नाही.

या साऱ्या गोष्टी वाचताना माझे मन एका जागी अडून राहिले. सरकार म्हणे महाराज वेडे आहेत. लोक म्हणत ते शहाणे आहेत, त्यांना वेडे केले जात आहे. भांडण दोन वर्षे चालले, माणसे तुरुंगात गेली. पण मुलाला झोप लागते का, तो जेवतो का, कशाला घाबरतो, कोणाजवळ बसला म्हणजे शांत होतो, हे प्रश्न त्या भांडणात कोठेच दिसत नाहीत. दोष कोणाचा, एवढेच सगळे विचारत होते.

इकडे १८८२ साली महाराज राज्य करण्यास असमर्थ आहेत असे ठरून रीजन्सी कौन्सिल नेमण्यात आले. त्याचे प्रमुख म्हणजे रीजंट झाले ते आपल्या कागलच्या थोरल्या पातीचे अधिपती जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, शाहू महाराजांचे जन्मदाते वडील. आजारी राजाच्या नावाने कारभार पाहण्याची जबाबदारी अशा रीतीने कागलकडे आली.

महाराजांना मात्र पुढे कोल्हापुरातून हलवून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, नेऊन ठेवण्यात आले. आपले माणूस नाही, आपला वाडा नाही, अंबाबाईचे देऊळ नाही. त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी ग्रीन नावाचा एक गोरा शिपाई होता. २५ डिसेंबर १८८३ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, महाराजांची व ग्रीनची झटापट झाली आणि तीत महाराजांचा अंत झाला. सरकारने तिला झटापट म्हटले, लोकांनी खून म्हटला. आज एवढ्या वर्षांनी त्याचा निवाडा माझ्यासारखीने करणे बरे नव्हे. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. आजारी म्हणून ज्याला ठेवले होते, त्याच्या उशाशी नर्स किंवा नात्याचे माणूस हवे होते, तेथे शिपाई होता. महाराजांची समाधी नगरलाच आहे.

त्यांच्या मागे राहिल्या त्या राणीसाहेब आनंदीबाई, वीस वर्षांच्या नवऱ्याची विधवा. नवरा गेल्यावर तीन महिने पुरते झाले नाहीत तोच, १७ मार्च १८८४ रोजी, त्यांनी कागलच्या यशवंतरावास मांडीवर घेतले. तोही मुलगा तेव्हा दहावे वर्ष चालू असलेला, आणि तोही आईवेगळा. त्याची आई राधाबाईसाहेब तो तीन वर्षांचा होण्याआधीच वारल्या होत्या. १८८६ साली आबासाहेबही गेले. म्हणजे या मुलावरही दुःखाचे डोंगर कोसळले होते. परंतु एक गोष्ट निराळी घडली. राजकोटला शिकायला पाठवले तेव्हा त्याचा धाकटा भाऊ पिराजीराव, म्हणजे आपले बापूसाहेब महाराज, त्याच्याबरोबर होता. भावाची सोबत त्याला जन्मभर मिळाली. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढे काय केले ते आपल्या मुलांना पाठ आहे.

एकाला सोबत मिळाली म्हणून तो थोर झाला आणि दुसऱ्याला मिळाली नाही म्हणून तो वेडा झाला, असे मात्र कोणी समजू नये. मनाचा आजार एवढ्या सोप्या हिशेबाने येत नाही. काही अंशी तो रक्तातून येतो, काही अंशी मेंदूच्या घडणीतून, आणि दुःखाने, मारहाणीने, एकटेपणाने तो बळावतो. चौथ्या शिवाजी महाराजांना नेमके काय झाले होते, ते आज कोणी डॉक्टर सांगू शकणार नाही. तपासायला तो मुलगा आता नाही. कदाचित आजार खरा असेल आणि छळही खरा असेल. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. आजारी मुलाचाच छळ जास्त होतो, हे आपण बायका चांगले जाणतो.

त्या काळी कोणी मनापासून उपचार करू म्हटले असते तरी हाती फारसे काही नव्हते. वेड्यांसाठी १८५८ चा कायदा होता, पण तो मुख्यतः माणसाला ठेवायचे कोठे यासाठी होता. कोकणातले रत्नागिरीचे मनोरुग्णालय सुरू झाले ते १८८६ साली, महाराज गेल्यानंतर. भ्रम आणि भास आटोक्यात आणणारे पहिले खरे औषध पॅरिसच्या डॉक्टरांनी १९५२ साली वापरले. लहान मुलांच्या मनाचा दवाखाना ही कल्पनाच तेव्हा नव्हती. त्यामुळे १८८३ च्या माणसांना मी फार बोल लावत नाही. आपल्यापाशी आज औषध आहे, डॉक्टर आहे, कायदा आहे, आणि तरीही आपण तसेच वागलो तर बोल आपल्याला लागेल.

आपण कसे वागतो ते पाहा. मूल दोन वर्षांचे झाले, बोलत नाही. आजी म्हणते, याचा बापही उशिरा बोलला. मूल हाक मारली तरी वळत नाही, नजरेला नजर देत नाही, बोट दाखवून वस्तू मागत नाही, एकटेच चाक फिरवत बसते. आपण म्हणतो, शांत आहे हो. शाळेत गेल्यावर एका जागी पाच मिनिटे बसत नाही, तर वांड ठरते आणि छड्या खाते. तोंडी सगळे सांगते पण वाचताना अक्षरे उलटीसुलटी होतात, तर ढ ठरते. आणि चौदा-पंधराव्या वर्षी मुलगा किंवा मुलगी एकाएकी बोलेनाशी झाली, रात्र रात्र जागू लागली, अंघोळ टाळू लागली, कोणी माझ्यावर नजर ठेवते म्हणू लागली, एकटीच पुटपुटू लागली, की मग आपण तिला देवऋषाकडे नेतो. उतारा टाकतो, अंगारा लावतो. कोणी कानात सांगते की लग्न करून टाका, आपोआप सुधारेल. आणि घरात कज्जा सुरू होतो. सासू म्हणते सुनेच्या माहेरचे आहे, सून म्हणते यांच्याच घराण्यात होते. म्हणजे कोल्हापूर दरबारात जे झाले तेच आपल्या स्वयंपाकघरात होते.

आमच्या नात्यात एक मुलगी अशीच दोन वर्षे घरात कोंडून होती. नववीतून शाळा सुटली. खोलीला बाहेरून कडी असे आणि पाहुणे आले की ती गावाला गेली आहे असे सांगत. आई-बाप दुष्ट नव्हते. भावाबहिणींची लग्ने अडतील या भीतीने त्यांचा जीव कोंडला होता. शेवटी अंगणवाडीच्या बाईंनी चार वेळा हेलपाटे घालून त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन महिने ती नुसती झोपे, तेव्हा आईने गोळ्या बंद करण्याचा हट्ट धरला होता. डॉक्टरांनी मात्रा बदलून दिली आणि नेटाने चालू ठेवायला सांगितले. आज ती मुलगी शिवणकाम करते. अजून गोळी घेते. पूर्वीसारखी सगळी झाली असे मी म्हणणार नाही, पण आता दाराला कडी नाही.

म्हणून काही गोष्टी आपण सर्वजणींनी ध्यानात ठेवाव्यात असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मनाच्या आजारांपैकी निम्मे अठराव्या वर्षाच्या आतच सुरू झालेले असतात. म्हणजे ते पहिल्यांदा दिसतात ते आईला, आजीला, शाळेच्या बाईंना. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळले पाहिजे. सोळा महिन्यांपर्यंत एखाददुसरा शब्द आला पाहिजे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडता आले पाहिजेत. आलेली भाषा गेली, तर कोणत्याही वयात लगेच दाखवावे. आधी कानांची तपासणी करून घ्यावी, कारण कधी कधी मूल ऐकूच येत नसल्यामुळे बोलत नसते. स्वमग्नता किंवा मतिमंदत्व हे गोळीने जाणारे नव्हे, पण लहानपणापासून शिकवले, खेळातून बोलते केले, तर मूल पुष्कळ पुढे जाते. उशीर केला की तेवढे हातचे जाते. मोठ्या मुलांच्या भ्रमाच्या, उदासीच्या आजारांवर औषधे आहेत. ती डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नयेत. आणि मुलगा किंवा मुलगी जीव देण्याची भाषा करू लागली तर ती धमकी समजून हसण्यावारी नेऊ नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

जायचे कोठे, हेही अवघड नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये, आणि मनात जी शंका असेल ती पथकातल्या डॉक्टरांना उघड सांगावी. आपल्या गावात ग्रामीण रुग्णालय आहे, तेथे विचारावे. कोल्हापूरचे सीपीआर तर एस. टी. ने तासाभराच्या आतले. घरातून उठणे जमत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नता, मतिमंदत्व, शिकण्यातली अडचण आणि मनाचा आजार हे सर्व दिव्यांगत्वात धरले आहेत. दाखला काढला तर शाळेत व परीक्षेत सवलती मिळतात, त्यात कमीपणा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. छत्रपतींच्या वाट्याला जो कायदा आला नाही, तो आज गरिबाच्या लेकराला आहे.

गैबीला नवस बोलू नका, अंबाबाईला साकडे घालू नका, असे मी सांगत नाही. माझीही श्रद्धा आहे. नवस बोलावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून मुलाला डॉक्टरांकडे न्यावे. देव यात रागावणार नाही.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाच्या वस्तूंवर जो खर्च होतो, त्यातला थोडा बाजूला काढून मुलांच्या मनाच्या डॉक्टरांना किंवा समुपदेशक बाईंना बोलवावे. त्यांनी तासभर बोलावे आणि आपण न लाजता प्रश्न विचारावेत. ज्यांना चारचौघींत विचारणे अवघड वाटेल त्यांनी चिठ्ठीवर नाव न घालता लिहून द्यावे. प्रत्येक गल्लीतल्या दोघी-तिघींनी १४४१६ हा क्रमांक आपल्या दारामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा, म्हणजे वेळेला शोधावा लागणार नाही.

आणि २५ डिसेंबरला, जमेल तिने, देवापुढे एक जास्तीची वात लावावी. कागलच्या मुलाला ज्याची गादी मिळाली, त्या नारायणरावाच्या नावाने. सुमारे दीडशे वर्षांची जुनी गोष्ट म्हणून आपण ती सोडून दिली, तर त्या मुलाच्या हालांतून आपण काहीच शिकलो नाही असे होईल.